अंगठ्याची रजा

तंजावुरात आमच्याकडे भांडी घासायला येणारी बाई रेशनच्या आदल्या दिवशी भांड्यांना हात लावत नाही. घासून घासून तिच्या अंगठ्यावरच्या रेषा पुसट झाल्या आहेत, आणि दुकानातल्या यंत्रावर ठसा जुळला नाही तर तांदूळ मिळत नाही.

"अक्का, अंगठा रजेवर आहे. आज तुम्हीच घासा," ती बजावते. मी घासते.

या महिन्यात मी तिच्यासोबत गेले. विश्रांती घेतलेला अंगठा यंत्राने तीनदा नाकारला.

दुकानदार म्हणाला, "यंत्र म्हणतं, ही तू नव्हेस."

"मग माझ्या घरी जेवतं कोण?" असं विचारत तिने एकेक बोट टेकवून पाहिलं. शेवटी डावी करंगळी जुळली.

तांदळाची पिशवी उचलताना ती म्हणाली, "दहांतली ही एकटीच कामचुकार, अक्का. सरकारची ओळख नेमकी हिच्याशीच!"