तूप माझं, भट्टी त्याची

रत्नागिरीला आलेली माणसं थिबा राजाचा वाडा बघतात, किल्ल्यावर जातात, आणि मग बोळातनं हिंडताना एखादी जुनी बेकरी सापडली की केवढं कौतुक करतात! काय तो वास, काय ती खारी! मला कुणी विचारू नये. मी एका दिवसात तिथल्या तीन बेकऱ्या नि एक हॉटेल शोधून काढलं, आणि चारही ठिकाणी भांडून बाहेर पडले.

दोन हजार सालची, दिवाळीच्या आधीची गोष्ट. लेकीला त्याच उन्हाळ्यात रत्नागिरीत दिलेली. साखरपुड्याला आम्ही राजापुरातनं विकतची नानकटाई नेली होती. विहीणबाईंनी तुकडा मोडला, हुंगला, आणि चारचौघांत म्हणाल्या, "वनस्पती तूप वाटतं?" लग्नानंतर लेकीच्या मागं तेच. फोडणी चुकली तरी, "तुमच्याकडे वनस्पतीची सवय ना!" लेकीनं हे मला एकदाच सांगितलं, हसत हसत. मला काही हसू आलं नाही.

मग मी साय साठवून साठवून घरच्या गाईचं तूप कढवलं. डबा भरला, मैदा, रवा, पिठीसाखर, वेलची बांधली आणि सकाळच्या एसटीनं निघाले. आपलं सामान बेकरीत द्यायचं आणि समोर बसून भाजून घ्यायचं, ही आमच्याकडची दिवाळीची रीत. राजापूरच्या भट्टीवर आता माझा विश्वास नव्हता.

पहिली बेकरी स्टँडजवळ, नवी, काचेची. आतली मुलगी म्हणाली, "बाहेरचं मटेरियल आम्ही घेत नाही, आजी." आजी! तेव्हा माझे अर्धे केस काळे होते. सुनावलं तिला. दुसरीकडचा मान वर न करताच म्हणाला, "दिवाळीपर्यंत भट्टी भरलेली आहे." मी म्हटलं, "माणसाकडे बघून तरी नाही म्हणा!" मग चहाला हॉटेलात शिरले तर गल्ल्यावरचा म्हणतो, "एकट्या बाई? फॅमिली रूममध्ये बसा." तिथे पडद्यामागं पंखाच नाही. "घाम गाळायला बाहेर ऊन आहे की," म्हटलं आणि पंख्याखालीच बसले. चहा मात्र फक्कड होता, खोटं कशाला बोलू?

तिसरी बेकरी मासळी बाजाराच्या मागच्या बोळात, वासावरनं सापडली. धुरानं काळी झालेली भिंत, कोपरापर्यंत पीठ माखलेला म्हातारा भट्टीवाला. त्यानं डबा उघडला, वास घेतला.

"तूप झकास आहे, बाई. पण उन्हात वितळलंय. डबा गार पाण्यात बसवतो, दोन तासांनी या. थिजल्याशिवाय नानकटाई आकार धरायची नाही."

"दोन तास डबा तुमच्याकडे? आणि मी येईन तेव्हा आत तूप कुणाचं असेल?"

त्याचा हात थांबला. "चाळीस वर्षं लोकांचं तूप हाताळतोय मी."

"म्हणूनच तब्येत चांगली दिसते!"

कामगार हसले. तो हसला नाही. "मग बसा इथंच, डबा मांडीवर घेऊन."

"चारला विहीणबाईंकडे पोचायचंय. आत्ता मळा."

"पसरेल."

"पसरू दे. तूप माझं आहे."

"तूप तुमचं, भट्टी माझी," तो म्हणाला. पण मळलंन त्यानं, रागारागानं. मी मैद्याच्या पोत्यावर बसून नजर हलवली नाही.

पत्रा बाहेर आला. त्यावर नानकटाई नव्हतीच, एक सलग तपकिरी चादर होती. त्यानं सुरीनं चौकोन कापले, डब्यात भरले आणि एक शब्द बोलला नाही. बोलला असता तर बरं झालं असतं. मला भांडता तरी आलं असतं.

विहीणबाईंनी डबा उघडला. तुकडा मोडला, हुंगला. "तूप घरचं आहे हो." माझी मान ताठ झाली. "पण ह्याला म्हणायचं काय? वडी?" आणि लेकीकडे वळून, "तुला कुणी शिकवलं ते आता कळलं."

मी तोंड उघडलं, तर लेकीनं माझा पदर ओढला.

ती मला स्टँडवर सोडायला आली. गाडी लागलेली होती. म्हणाली, "आई, पुढच्या दिवाळीला काही आणू नकोस गो."

"अगो, पुढच्या वेळी तूप थिजवून…"

"तसं नाही. तू भांडून, जिरवून घरी जातेस. नंतर वर्षभर मला ऐकायला लागतं."

राजापूर येईपर्यंत मी त्या भट्टीवाल्याला मनातल्या मनात शिव्या घालत होते. त्याचं बरोबर होतं म्हणून जास्तच.

पुढच्या दिवाळीला मी रिकाम्या हातानं गेले. विहीणबाई म्हणाल्या, "या वेळी काही नाही वाटतं?"

"नाही," म्हटलं.

"बरंच झालं."

माझ्या जिभेवर चांगली चार उत्तरं होती, एकापेक्षा एक झोंबरी. लेक हातात किटली घेऊन माझ्याकडे बघत उभी होती. मी चहा प्यायले आणि आवडीनं आणखी अर्धा कप मागून घेतला.