खांदा माझा, परीक्षा केतकीची

हसायचं नाही एवढं कबूल करा, मगच सांगतो. चूक माझी होती, मान्य. पण संतापही खरा होता, आणि अजून थोडा शिल्लक आहे.

आम्ही न्यूनेनला राहतो. मी आइंडहोवनला चिपच्या मशिनवर काम करतो. बायको, केतकी, नर्स. पुण्यात बारा वर्षं वॉर्ड सांभाळले, इथे येऊन डच शिकली आणि नर्स प्रॅक्टिशनरच्या कोर्सला बसली. म्हणजे हाउसआर्ट्सच्या, आपल्या भाषेत फॅमिली डॉक्टरच्या, दवाखान्यात पेशंट स्वतः तपासायचे, औषधंही लिहून द्यायची. आता फक्त शेवटची तोंडी परीक्षा उरली होती. रोज जेवणं झाली की मी कार्डं घेऊन तिला प्रश्न विचारायचो. 'पुरुष, वय पंचावन्न, छातीवर दाब, डाव्या हातात कळ, घाम. काय कराल?' तिला किती पाठ झालं माहीत नाही, मला सगळं झालं.

त्यातच माझा डावा खांदा धरला. का, तर नवं कपाट मी एकट्याने वर चढवलं. इथले जिने म्हणजे भिंतीला टेकवलेल्या शिड्याच.

मला हवी होती फक्त फिजिओथेरपीची चिठ्ठी. फोन केला, तर दवाखान्यातली असिस्टंट म्हणाली, "पॅरासिटामॉल घ्या आणि दोन आठवड्यांनी फोन करा." दोन आठवड्यांनी केला. "वाढलंय का?" "नाही." "मग छानच आहे की." छान? शर्ट घालायला मला बायको लागत होती! दर महिन्याला विमा भरणाऱ्या माणसाला डॉक्टरचं तोंडसुद्धा बघायला मिळू नये? पुण्यात असतो तर सकाळी जाऊन दुपारी एक्सरे घेऊन घरी आलो असतो.

टिलबर्गचा माझा मित्र मंदार म्हणाला, "अरे, तू खरं सांगतोस, तिथेच चुकतं. जरा चढवून सांग. आपली सगळी मंडळी तेच करतात."

परीक्षेच्या दिवशी सकाळी केतकी वर शेवटची उजळणी करत होती. तासाभराचा रस्ता, एक वाजता परीक्षा, अकराला ती गाडी काढणार होती. माझा मात्र त्याच दिवशी पारा चढला. लावला फोन.

"दुखणं कुठे आहे?"

"डाव्या खांद्यात." मग जरा चढवून, "हातातही उतरतं."

"छातीत काही होतं?"

काय सांगू, ते कार्डच डोळ्यांपुढे आलं. "दाब येतो."

"घाम?"

"भरपूर."

पहिल्यांदाच ती बाई माझं मन लावून ऐकत होती. म्हणाली, "बसून राहा आणि दार उघडं ठेवा." मला वाटलं, डॉक्टर स्वतः घरी येतायत. मी बसतोय कसला, चहा टाकला.

चहाला उकळी यायच्या आत दारात अँब्युलन्स. तीही बरोब्बर आमच्या गाडीच्या मागे, आडवी. समोरचे डच आजोबा हातातली कात्री तशीच धरून कुंपणापाशी आले. एक उंच बाई आणि तिचा जोडीदार आत शिरले, मला सोफ्यावर आडवं केलं आणि छातीला वायरी चिकटवल्या.

केतकी फाइल घेऊन खाली आली आणि पांढरी पडली. "कधीपासून होतंय? मला का नाही सांगितलंस?"

त्या दोघांसमोर काय सांगणार? मी हळूच डोळा मिचकावला.

"याचा डावा डोळा बघा," ती त्या बाईला डचमध्ये म्हणाली. "चेहरा ओढल्यासारखा वाटतोय. पक्षाघात तर नाही?"

लगेच हुकूम आला, दोन्ही हात वर करा. उजवा गेला. डावा कसा जाणार? बाई जोडीदाराकडे बघायला लागली. "एखादं वाक्य बोलून दाखवा." माझ्या तोंडचं पाणी पळालेलं, जीभ टाळूला चिकटलेली. निघालं फक्त "क... क... क..."

केतकीने फाइल खाली ठेवली. "मी परीक्षेला जात नाहीये," ती म्हणाली आणि माझा हात धरून बसली. तिच्या दोन वर्षांच्या कष्टांवर मी पाणी ओतत होतो. तेव्हा कुठे माझ्या तोंडून शब्द फुटला. "कपाट."

सगळं कबूल केलं. केतकीने खांद्यात बोट रुतवलं, जरा जास्तच, आणि मी ओरडलो. वायरींचा कागद, म्हणजे ईसीजी, अगदी नॉर्मल आला होता. उंच बाईने शांतपणे विचारलं, "पण तुम्हाला नेमकं हवं काय होतं?"

"फिजिओची चिठ्ठी."

"फिजिओकडे जायला चिठ्ठी लागत नाही. थेट जाता येतं."

अँब्युलन्स हलली तेव्हा पावणेबारा झाले होते. केतकीने फाइल उचलली आणि गाडी काढून परीक्षेला गेली. मी गार चहा घेऊन बसलो, आणि राग नेमका कोणावर काढावा तेच कळेना.

संध्याकाळी ती पास होऊन आली. परीक्षकांनी अनुभवातली एक केस सांगायला लावली होती, आणि तिच्याकडे ताजी होती. नाव सांगितलं नाही म्हणे, पेशंटची गोपनीयता.

"छान झालं मग," मी म्हणालो. "म्हणजे माझा उपयोगच झाला."

"झाला ना. शेवटी त्यांनी विचारलं, अशा पेशंटच्या घरच्यांना काही आधाराची गरज असते का."

"मग तू काय सांगितलंस?"

"काहीच नाही. मला रडूच कोसळलं. त्यांनी पाणी दिलं, आणि पूर्ण मार्क दिले."