आराम म्हणाला डॉक्टर

राजारामपुरीतल्या डॉक्टरांनी माझ्या गुडघ्यातलं पाणी काढलं आणि तिथंच इंजेक्शन दिलं, तेव्हा मी भिंतीकडं बघत होते. सुईपेक्षा परक्या पुरुषासमोर साडी वर घ्यायची लाज जास्त वाटत होती. मला एवढंच हवं होतं, की म्हशीखाली बसता यावं. मालकांची कागलच्या एमआयडीसीत पाळी असते, सासूबाईंचे हात थरथरतात. धार काढायला मी बसले नाही तर म्हैस विकावी लागणार, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं.

"झालं. आता दोन दिवस आराम," डॉक्टर म्हणाले आणि त्यांनी पुढच्या पेशंटला बोलावलं.

घरी उंबऱ्यातच सासूबाईंनी विचारलं, "काय म्हणाला डागदर?"

"आराम म्हणाला. दोन दिवस," मालक म्हणाले.

"दोनच दिवस व्हय? एवढी सुई टोचून? मग तेवढं तरी बसू दे तिला. म्हशीची कास तटलीया."

आमच्यात दुखणं थांबलं की आराम पडला म्हणतात. निजून राहायचं, हा अर्थ कुणाच्या मनातच आला नाही. आणि खरंच दुखत नव्हतं. मी उकिडवी बसले, बादली गुडघ्यांत धरली, सगळी धार काढली. रात्री किती दिवसांनी सगळ्यांबरोबर खाली मांडी घालून जेवले.

"आमच्या टायमाला आसली सुई आसती तर म्या फुगडी घातली आसती," सासूबाई म्हणाल्या. मीही हसले.

सकाळी गुडघा टम्म सुजला होता. पाय खाटेवरून खाली घेता येईना. मालकांनी रिक्षा करून मला परत राजारामपुरीत नेलं.

"बधिर करायचं औषध होतं त्यात, म्हणून काल दुखलं नाही," डॉक्टर म्हणाले. "आराम करा म्हणजे गुडघ्याला विसावा द्या, असं म्हणालो होतो मी."

"आराम पडलाच हुता की, साहेब," मालक म्हणाले. मग आवाज उतरवून त्यांनी विचारलं, "काल ही बसली नसती तर?"

"सांगता येत नाही. झीज बरीच आहे. लगेच दुसरं इंजेक्शन देता येणार नाही. आणि आता खाली बसणं बंद."

घरी येताना रिक्षातूनच मालकांनी म्हशीच्या गिऱ्हाइकासाठी फोन लावला.

म्हैस बघायला कुरुंदवाडचा माणूस आला. तो धार काढायला बसला, तर तिनं लाथ झाडली. "वैनी, तुमी जरा म्होरं हुबा ऱ्हावा की," तो म्हणाला. मी भिंत धरून पुढं गेले, तिची मान खाजवली. तिनं पान्हा सोडला. बादलीत धारेचा आवाज सुरू झाला, तसा मालकांनी माझ्याकडं बघायचं टाळलं.

"गुणी हाय म्हस," तो म्हणाला आणि दावं सोडलं.

तिचं मागचं डावं थान जड आहे, तिथं जरा दमानं काढा, एवढं मला त्याला सांगायचं होतं. परका माणूस, तोंडातून शब्द फुटला नाही. टेम्पो गेल्यावर मी ते मालकांना सांगितलं. ते म्हणाले, "आता सांगून काय करतीस?"