बशीतलं कडं

माझा मामा जालन्याला एका परदेशी इंजिनिअरच्या गाडीवर ड्रायव्हर होता. साहेब मायदेशी निघाला तेव्हा त्याच्या बायकोने मामाला एक सेट दिला, आणि मामाने तो आणून आईच्या हवाली केला. पांढऱ्याशुभ्र चिनी मातीची उंच किटली, तिच्यावर गुलाब, काठाला सोनेरी रेघ आणि तसेच उभट कप. प्रत्येक बशीच्या मधोमध एक उंच कडं होतं; कप त्यात घट्ट बसायचा. तिकडचे लोक यातून गरम पातळ चॉकलेट पितात, असं मामाने सांगितलं.

"चॉकलेट काय पेतेत का कुठं?" आई म्हणाली आणि सेट शोकेसमध्ये ठेवून मोकळी झाली. "तुला पाहायला पाव्हणे आले की काढू."

मी पिंपळगाव रेणुकाईचा. शेती बरी, विहिरीला पाणी, घर पक्कं. फक्त नोकरी नाही, आणि हल्ली मुलीचा बाप पहिल्यांदा तेवढंच विचारतो.

अंबडहून पाहुणे आले तेव्हा आईने तो सेट काढला. आमच्याकडे चहा बशीत ओतून, फुंकर घालून पितात. मुलीच्या वडिलांनीही सवयीने कप तिरपा केला. कड्यामुळे बशीत जागाच नव्हती. चहा काठावरून थेट त्यांच्या पांढऱ्या पायजम्यावर सांडला. त्यांनी अर्धा कप तसाच ठेवला. सोयरीक जमवायच्या कामात पाहुण्याने चहा उष्टा टाकून उठावं, याचा अर्थ आमच्याकडे पोरालाही कळतो.

नकार आला तो मात्र नोकरीवरून. आईला ते पटलं नाही. "त्या कपानं घात केला. आपले साधे कप ठिवले अस्ते तर बराबर जमलं अस्तं."

पुढच्यांना साधे कप दिले. त्यांनी बशी चाटूनपुसून चहा संपवला आणि तेही नाही म्हणाले. हसावं की रडावं ते कळेना. मग हळूहळू येणंच थांबलं. आई तरी शोकेसची काच पुसत राहिली, आणि त्या काचेचा मला राग यायचा.

आता मी चाळिशीला टेकलोय. आईचे हात थरथरतात. साध्या कपातला चहा निम्मा पदरावर जातो. परवा सकाळी ती म्हणाली, "ते फुलाचे कप काढ."

"ते पाव्हण्यांचे हायेत ना?"

"आता कोन येऊन राह्यलं? काढ. आपनच पिऊ."

मी चहा ओतून दिला. तिने बशी उचलली तेव्हा हात नेहमीसारखाच थरथरला, पण कप कड्यातून हलला नाही. ते कडं कशासाठी असतं, ते तेव्हा कळलं.

तिचा चहा संपेपर्यंत मी तिच्याकडे पाहू शकलो नाही. माझं लग्न होणार नाही, हे गावाने केव्हाच सांगून टाकलं होतं. आईने ते त्या सकाळी सांगितलं. मी कप धुतले आणि रोजच्या भांड्यांत पालथे घातले.