शेंडेफळाच्या वाट्याचा चीक

सुशीलामावशी आज सकाळी गेली.
तिच्याशी मी एक खोटं बोललो होतो. ते सांगायचं राहूनच गेलं.

रेवदंड्याच्या अलीकडे तिची डुकरं होती. सात माद्या, पत्र्याची शेड, खायला नागावच्या होमस्टेमधलं उरलंसुरलं.
आयुष्यभर अंगणवाडी सेविका, आणि रिटायर झाल्यावर हे! लोक नाकं मुरडायचे.
"मुरडू देत की. नाक त्यांचं हाय," म्हणायची.

मी तेव्हा मास्टर्स करत होतो. विषय, डुकरिणीच्या चिकातली अमिनो ॲसिड्स. चीक म्हणजे व्याल्यावरचं पहिलं दूध. पिल्लाच्या अंगात ना ताकद असते, ना आजाराशी लढायचं बळ. सगळं त्या पहिल्या दिवसाच्या चिकातून येतं.

मला हे पुस्तकातून माहीत. मावशीला कसं माहीत, ते नंतर कळलं.

चिकाचे नमुने मी तिच्याकडून न्यायचो. तिची एकच अट. "आधी लेकरांची पोटं. मंग तुझी बाटली."

एका सकाळी मला मुंबईची एसटी गाठायची घाई होती. डुकरीण व्यायली, मावशी गरम पाणी आणायला आत गेली. मी सगळ्यात शेवटी जन्मलेलं पिल्लू सडापासून उचलून बाजूला ठेवलं आणि बाटली भरली.
पाच मिनिटं तर लागली असतील.

मुठीएवढं होतं ते. परत लावलं तर ओढेचना. एसटी सोडून मी थांबलो. दुपारपर्यंत गेलं.

आमच्याकडे याला एक्स्पेक्टेड मॉर्टॅलिटी म्हणतात, आधीच गृहीत धरलेलं मरण. काय सोयीचा शब्द आहे बघा.

भरलेली बाटली बघून मावशी काय ते समजली, पण ओरडली नाही. पिल्लाला गोणपाटात गुंडाळता गुंडाळता म्हणाली,
"माझी पहिली पोरगी अशीच गेली रे. सासूनं माझा चीक पिळून टाकायला लावला. घाण असतो म्हणाली. तीन दिवस पोरीला नुसता मध चाटवला."

 

मग म्हणाली, "त्या बाटलीत काय निघतं तेवढं मला सांग. शेंडेफळ फुकट जायला नको."

बाटली मी जेट्टीवरून आणलेल्या मासळीच्या बर्फात ठेवून नेली. झाकण नीट लागलं नव्हतं, बर्फाचं पाणी आत गेलं. लॅबमध्ये सरांनी वास घेतला. "यात कोळंबी पण आहे का रे? फेकून दे."

मावशीला फोनवर सांगितलं, "खूप निघालं मावशी. सगळ्यात जास्त त्याच बाटलीत."

काय खूश झाली! गावात कोणी बाळंत झालं की ही त्या घरी हजर. "पहिलं दूध टाकायचं न्हाय. आमच्या डाक्टरनं मशीनीत बघितलंय."
आणि मला फोन. "अजून एक पोर प्यायलं बघ, आपल्या शेंडेफळामुळं."

दर वेळी ठरवायचो, आज सांगून टाकू. धीरच व्हायचा नाही.

मावशी, बाकीच्या बाटल्यांत निघालं होतं गं. त्या बाटलीत काहीच नाही. पोरं प्यायली ती तुझ्यामुळे. शेंडेफळ फुकटच गेलं, आणि ते माझ्यामुळे गेलं.

तू दिलेली एखादी सणसणीत शिवी खाऊन मोकळं व्हायचं होतं.

माफ कर. शेवटचा नमस्कार, मावशी.