घोडेगावची मनिऑर्डर

दुष्काळाच्या त्या उन्हाळ्यात भिंगारला आमच्या क्वार्टर्सच्या ओळीतला नळ आटला आणि पाण्याची बैलगाडी ठरवायचं काम माझ्याकडे आलं. असली कामं माझ्याकडेच येत. भाडं वाटण्याचा नियमही मीच केला: पाणी घरटी सारखं, पैसे नवऱ्याच्या पगाराप्रमाणे. शिपायाच्या बायकोने हेडक्लार्कच्या बायकोइतके का द्यावेत? सगळ्यांना पटलं. मग ओट्यावर बसवून मी एकेकीला पगार विचारला.

"दोनशे दहा," माझी शेजारीण म्हणाली. तिचा नवरा स्टोअरमध्ये कारकून होता.

"अगं, काय सांगतेस!" दुसऱ्या कारकुनाची बायको म्हणाली. "दोघं एकाच दिवशी लागलेत. आमच्या ह्यांना अडीचशे पडतात. तुझ्या ह्यांचे चाळीस कुठं उडतात?"

"बघ बाई, बाजारात दुसरं बिऱ्हाड असेल!" मागून कोणीतरी म्हणालं.

सगळ्या हसल्या. मीही हसले, आणि यादीत तिच्या नावापुढे अडीचशे लिहिले.

दुसऱ्या दिवशी ती आली तेव्हा डोळे सुजलेले होते. नवऱ्याने रात्री कबूल केलं होतं. दर महिन्याला चाळीस रुपये घोडेगावला, त्याच्या विधवा बहिणीला जात होते. त्यावर भाची नगरला बोर्डिंगात राहून शिकत होती.

"मला सांगितलं असतं तर मी न्हाई म्हनले असते का, वहिनी?" ती म्हणाली. "आता तुमीच सांगा, किती द्यावेत."

मी सांगायला नको होतं. पण हिशोब समोर आला की माझा हात थांबत नाही. दूध, किराणा, तिच्या दोन मुलांची फी, सगळं मांडून मी पंधरा काढले. तिला ते रास्त वाटले. मलाही.

पंधरात बोर्डिंग भागेना. भाचीने शाळा सोडली आणि आईबरोबर दुष्काळी कामावर खडी फोडायला जाऊ लागली.

पाण्याचा नियम चुकला असं मला आजही वाटत नाही. शिपायाची बायको त्या उन्हाळ्यात कुणाचं मिंधेपण न पत्करता हंडे भरत होती. पण पगार मी दारोदार जाऊन, हळू आवाजात विचारू शकले असते. चारचौघींत विचारले, कारण जे लपवतात ते लबाडीचंच असतं, अशी माझी ठाम समजूत होती.

पुढच्या महिन्यात पंधराची मनिऑर्डर परत आली. बहिणीने ती घेतलीच नव्हती. घोडेगावच्या बाजाराहून येणाऱ्या एकाबरोबर तिने भावाला निरोप धाडला होता: "दादा, तू देत हुतास तवर ते माहेरचं हुतं. आता वहिनी मोजून देती. नगं."

शेजारणीने ते पंधरा रुपये माझ्यापुढे धरले. "ह्याचं काय करू?"

"किराण्यात धर," मी म्हणाले.