दाजींची पिकअप

माझ्या गॅरेजात आजही कुणी जुनी गाडी आणून म्हणालं, "मिस्त्री, हिला जरा पळती करा," की माझं डोकं फिरतं. मी वसकन अंगावर जातो. पोरांना वाटतं, म्हातारा चक्रम आहे. चक्रम तर मी आहेच, पण उगाच नाही. एक गाडी मी पळती करून बघितलेली आहे, आणि ती माझी नव्हती.

ती होती दाजींची. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे मालक, राहायला हसनाबादला. लष्कराच्या लिलावातून निघालेली आणि तीन मालकांचा मार खाऊन आलेली जुनी पेट्रोल पिकअप त्यांनी घेतली होती. पुढं दोन माणसांची केबिन, मागं बाभळीच्या फळ्यांचा हौदा. त्या हौद्यातून मोसंबी जायची, कापसाची बोचकी जायची आणि बाजाराच्या दिवशी माणसं शेळ्यांसकट जायची. मागच्या फाळक्यावर दाजींनी ताईचं नाव रंगवून घेतलं होतं. ताई लाजून म्हणायची, "समद्या तालुक्याला माजं नाव दाखवून आणायलेत." पण फाळका ती स्वतः फडक्यानं पुसायची.

ही गाडी घेताना आमच्या वडिलांनी, अण्णांनी, आपली पटाची जोडी विकली होती. पट म्हणजे बैलांच्या शर्यती. अण्णा त्यातले नावाजलेले. दुष्काळात स्वतः अर्ध्या भाकरीवर राहून जगवलेली जोडी त्यांनी लेकीच्या संसारासाठी विकली आणि पुन्हा पटावर पाय ठेवला नाही. मात्र लेकीला द्यायचं, लेकीकडून घ्यायचं नाही, हा त्यांचा कडक नेम. हसनाबादला गेले तरी धडप्यात भाकर बांधून न्यायचे. ताईच्या घरचं पाणीसुद्धा घेत नसत, तहान लागली तर शेजारच्या ओट्यावर जाऊन मागायचे. ताईला रडू यायचं, पण अण्णा म्हणजे अण्णा.

आमचं गाव बदनापूरजवळ. मी रोज रेल्वेनं जालन्याला जायचो आणि एका मुसलमान उस्तादांच्या गॅरेजात काम करायचो. वय तेवीस-चोवीस. हात चांगला होता आणि तोंड त्याहून मोठं. अशात औरंगाबादकडच्या काही हौशी मोटारवाल्यांनी जालन्याबाहेरच्या पडीक माळावर शर्यत ठरवली. ते तिला ऑटोक्रॉस म्हणायचे. माळावर पांढऱ्या फक्कीनं वाट आखायची, वळणावळणावर रिकामी पिंपं ठेवायची, आणि एकेका गाडीनं एकटीनं त्या वाटेनं दोन फेऱ्या मारायच्या. सगळ्यांत कमी वेळ लावणारा पहिला. आम्ही गॅरेजातली पोरं तिला मोटारींचा पट म्हणायला लागलो. घोळ इथूनच सुरू झाला.

माझ्याकडं गाडी कुठली? मी हसनाबादला गेलो. पंधरा दिवसांसाठी पिकअप द्या म्हणालो. मोसंबीचा हंगाम संपत आला होता, तरी दाजी थोडे घुटमळले.

"अण्णांला इचारलं का?"

"अण्णांना कशाला? त्यांना सांगूच नका. लेकीच्या घरून गाडी आणली म्हणून मला घरात घेणार नाहीत."

दाजी हसले. ते फार हसरे होते. चावी माझ्या हातावर ठेवून म्हणाले, "न्या मेव्हणे. पण जशी नेऊन राह्यले तशीच आणा बरं. पंधरा दिवसांनी कापूस हाये." मी मान हलवली. मान हलवायला काय लागतं?

गॅरेजात आणल्याबरोबर मी तिच्यावर तुटून पडलो. अण्णांचं पटातलं एक वाक्य मी लहानपणापासून ऐकत आलो होतो, "छकडा हलका, तर बैल वारा." पटाचा छकडा ते इतका किडकिडीत करायचे, की दोन माणसं तो खांद्यावर नेत. मी ठरवलं, हिलाही तसंच करायचं. पहिल्या दिवशी हौदा उतरवला. मग मडगार्ड, स्टेपनी, शेजारची सीट, दारांच्या काचा. सायलेन्सर कापला, तेव्हा अख्खी गल्ली शिव्या देत बाहेर आली. मागच्या पाट्यांची, म्हणजे स्प्रिंगांची, जाड पानं काढून टाकली, कारण ओझं वाहायचं नाही तर एवढे पाटे कशाला? एवढ्यावर भागलं नाही म्हणून चेसीचं, म्हणजे खालच्या सांगाड्याचं, मागं आलेलं शेपूट गॅसनं कापलं. त्याच शेपटावर हौदा बसायचा. नंतर जोडून देऊ, असं मी मनाशी म्हणालो. कापणाऱ्याला जोडणं नेहमी सोपंच वाटतं.

मधे एकदा दाजी आले. उघड्यानागड्या गाडीभोवती फिरले, आणि म्हणाले, "मेव्हणे, ही माजी गाडी हाये का म्हैस भादरून राह्यले?" सगळे खदखदून हसले. मीही हसलो. त्यांचा हात मात्र भिंतीला टेकवलेल्या फाळक्यावर होता, तो मी बघितला. बघूनही कापायचं थांबवलं नाही.

उस्ताद पान चघळत सगळं बघत होते. शेवटी त्यांना राहवलं नाही.

"बेटा, ये बैलगाडी हाय क्या? बैल पुढं ऱ्हाते, वढते. हिला मागची चाकं ढकलते. मागं वजनच न्हाई ऱ्हायलं, तर चाक जमिनीला धरंल कशानं? वळणावर शेपूट फिरंल तुजं. दोन पोते रेती टाक मागं, बराबर चाकावर."

सरळ, साधी गोष्ट होती. कुणालाही पटावी. पण मी पटवाल्याचा पोरगा. हलक्या केलेल्या गाडीत रेतीची पोती टाकायची म्हणजे पटाच्या छकड्यात धोंडे भरण्यासारखं मला वाटलं. मी म्हणालो, "उस्ताद, तुम्ही इंजिनाचं बघा. पळवायचं आमच्या रक्तात आहे." उस्ताद थुंकून आत गेले. आज मला ते वाक्य आठवलं की स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते.

शर्यतीच्या सकाळी माळावर जत्रेसारखी गर्दी होती. भजी, उसाचा रस, झाडावर चढलेली पोरं. दाजी हसनाबादहून एस.टी.नं आले होते. डोक्याला नवा रुमाल. माझा नंबर आला तेव्हा त्यांनी खिडकीतून हात घालून माझ्या पाठीवर थाप मारली. "जल्दी करू नका," म्हणाले. शर्यतीत जल्दी करू नका! मला हसू आलं.

सरळ वाटेवर गाडी अशी सुटली, की खरंच वारा. पहिलं पिंप कसंबसं निघालं, दुसऱ्यावर मागची बाजू भुर्रकन सरकली, ती मी सावरली, आणि लोक ओरडले. त्या ओरडण्यानं मी बिघडलो. तिसऱ्या पिंपावर अ‍ॅक्सिलरेटरवरून पायच काढला नाही. उस्ताद म्हणाले होते तस्संच झालं. शेपूट फिरलं, गाडी आडवी सरकत गेली, मागचं चाक जुन्या बैलगाडीच्या चाकोरीत अडकलं, आणि पिकअप कुशीवर पडली.

मला खरचटलंसुद्धा नाही. मी वरच्या दारातून बाहेर आलो, तर दाजी सगळ्यांच्या पुढं धावत येताना दिसले. त्यांनी गाडीकडं बघितलंच नाही, मलाच चाचपत राहिले. "लागलं का? कुठं लागलं का?" मग दहा-बारा माणसांनी जोर लावून गाडी सरळ करायला घेतली. पहिल्या खेपेला ती उचलली आणि निसटली. दाजींचा डावा हात खाली होता.

दवाखान्यात चिरडलेली दोन बोटं वाचली, पण वाकडीच राहिली. डावा हात म्हणजे गिअर टाकायचा हात. चेसी मधोमध पिळवटली होती. शेपूट मीच कापलेलं, त्यामुळं हौदा बसवायला जागाच उरली नव्हती. उस्तादांनी महिनाभर खटपट केली, एका शब्दानं मला बोलले नाहीत, आणि शेवटी हात टेकले. गाडी भंगारात गेली. फाळका तेवढा दाजींनी मागून घेतला.

इथवर जे झालं ते मूर्खपणाचं होतं. तेवढंच असतं तर मी आज कदाचित हसत सांगितलं असतं. तरुणपणी कोण मूर्ख नसतं?

शर्यतीनंतर दोन दिवसांनी दाजी आमच्या घरी आले. गाडी पालथी झाल्याची बातमी अण्णांच्या कानावर गेली होती, पण अर्धीमुर्धी. अण्णा ओट्यावर बसले होते. मी दारात उभा. दाजींच्या हाताला कोपरापर्यंत पट्टी आणि माझ्या अंगावर ओरखडा नाही. अण्णांनी पट्टीकडं बघितलं आणि त्यांनीच ठरवून टाकलं.

"जावईबापू, पटावर गाडी तुमीच घातली म्हना की."

 दाजींनी माझ्याकडं बघितलं. रागानं नाही. रस्त्यात एखाद्याला आधी जाऊ द्यावं, तसं ते थांबले. मला पुरेपूर वेळ मिळाला होता. मी चपलेच्या अंगठ्याकडं बघत राहिलो.

"हाव मामा," दाजी म्हणाले. "मीच घातली."

अण्णांनी पट्टीवरून नजर काढली. मग म्हणाले, "माजी जोडी पालथी घातली तुमी." आणि उठून आत गेले. त्या दिवशी जावयाला पाय धुवायला पाणी अण्णांनी दिलं नाही. एरवी ते स्वतः तांब्या घेऊन पुढं व्हायचे.

दाजी जाताना मी त्यांना फाट्यापर्यंत सोडायला गेलो. वाटेत म्हणालो, "मी सांगतो अण्णांना. जरा राग निवू द्या." ते म्हणाले, "सांगा तुमच्या सवडीनं. घाई न्हाई." खरंच सांगणार होतो मी. दिवाळीला सांगू म्हणालो. दिवाळीला ताई-दाजी आले, पण घरात पाहुणे होते. पुढच्या दिवाळीला अण्णांचं दुखणं होतं. त्याच्या पुढच्या दिवाळीला काहीच अडचण नव्हती, तरी मी सांगितलं नाही. एकदा राहिलेली गोष्ट दर वर्षी जास्त अवघड होत जाते, हे मला तेव्हा कळलं, आणि कळूनही उपयोग झाला नाही.

दाजी घनसावंगीकडं दुसऱ्याच्या टेम्पोवर ड्रायव्हर म्हणून राहिले. वाकड्या बोटांनी दुसऱ्याची गाडी चालवायचे. महिना महिना घरी यायचे नाहीत. ताईनं शेतावर मजुरी धरली. मी मात्र मिस्त्री म्हणून नाव काढलं, स्वतःचं गॅरेज टाकलं, जुनी का होईना जीप घेतली. अण्णा पारावर अभिमानानं सांगायचे, "पोरगं कष्टाळू निघालं. जावई तेवढा उडाणटप्पू. माजी जोडी पालथी घातली त्यानं." हे वाक्य मी दाजींच्या समोरही ऐकलं आहे. ताई भाकरी थापायची थांबायची आणि पुन्हा थापायला लागायची. दाजी हसायचे. आधीसारखं नाही, नुसते ओठ हलायचे.

अण्णा शेवटच्या दुखण्यात पडले तेव्हा दाजी रजा काढून आले. चार दिवस त्यांनी अण्णांचे पाय चेपले. ते बाहेर गेल्यावर अण्णांनी मला जवळ बोलावलं. आवाज क्षीण झाला होता. म्हणाले, "जीप संबाळ. जावयाच्या हातात चावी देऊ नको कदी."

मी म्हणालो, "बरं."

सांगायची ती शेवटची वेळ होती, आणि तिथं मी 'बरं' म्हणालो. मी आयुष्यात पुष्कळ वाईट बोललो आहे, गिऱ्हाइकांना, पोरांना, बायकोला. पण त्या 'बरं'इतकं वाईट माझ्या तोंडून दुसरं काही गेलं नाही. अण्णा दोन दिवसांनी गेले. तिरडीला खांदा द्यायला दाजी पुढं आले, तेव्हा भावकीतला एक जण कुजबुजला, "हाच तो गाडीवाला." मी ऐकलं. तेव्हाही गप्प बसलो.

मागच्या साली दाजी गेले. तेराव्यानंतर माणसं पांगली आणि मी एकटाच हसनाबादला ताईपाशी थांबलो. ती चुलीशेजारी बसून तांदूळ निवडत होती. तो फाळका तिनं दोन दगडांवर टाकून त्यावर पाण्याच्या घागरी मांडल्या आहेत. रंग उडालाय, नाव अर्धंच वाचता येतं. इतक्या वर्षांनी मी म्हणालो, "ताई, मी अण्णांना सांगायला पाहिजे होतं गं."

तिनं मान वर केली नाही. एक खडा उचलून बाजूला टाकला.

"दर दिवाळीला तुमच्याकडं यायला एस.टी.त बसलो, की म्हनायचे, 'औंदा तुजा भाऊ सांगल बग.' दर साली म्हनायचे."

"आणि परत येताना?" मी विचारलं.

"येताना काय बोलायचं?" ताई म्हणाली. "खिडकीतून बघत बसायचे."